एका मिनिटाची थोरली

मखमलाबाद सोडून मातोरीच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला झेंडूचे मळे सुरू होतात. त्यातल्या तिसऱ्या मळ्यात सखुबाई राहते. कितवा मळा ते विसरलात तरी बिघडत नाही. रस्त्यावर कुणालाही विचारा, गाठवाली सखुबाई कुठं राहते. तो माणूस तुम्हाला थेट ओट्यापर्यंत आणून सोडेल आणि चहा घेतल्याशिवाय हलणार नाही.

गाठवाली हे नाव तिला उगाच मिळालेलं नाही. दसऱ्याला निम्म्या नाशकाच्या दारावर जी तोरणं लटकतात, त्यातली बरीचशी या ओट्यावर ओवलेली असतात. इतरांची तोरणं तिसऱ्या दिवशी एका बाजूने सुटून कुणाच्या तरी चहाच्या कपात पडतात. सखुबाईचं तोरण दिवाळीपर्यंत वाळून कडकडीत होतं, पण जागचं हलत नाही. गाठ मारून झाली की दोऱ्याचं टोक ती दाताने तोडते आणि गिऱ्हाईकाला सांगते, "फूल सुकलं तर देवाला विचार. गाठ सुटली तर मला."

गाठ सुटल्याचं विचारायला आजवर कुणी आलेलं नाही. आलं असतं तरी सखुबाईने कबूल केलं नसतं, ही गोष्ट वेगळी. बासष्ट वर्षांत या बाईच्या तोंडून "माझं चुकलं" हे शब्द कुणी ऐकलेले नव्हते. मुलासाठी, म्हणजे कुंदनसाठी, देवळ्याला मुलगी बघायला सगळे जीपने निघाले, तेव्हाची गंमत अजून वस्तीत सांगतात. सोग्रस फाट्यावरून डावीकडे वळायचं होतं. ड्रायव्हर वळायला लागला तर पुढच्या सीटवरून सखुबाई म्हणाली, सरळ घे. सरळ घेतलं आणि जीप चांदवडला पोचली. नवरा गोटीराम मागून हळूच म्हणाला, "चुकलं वाटतं." सखुबाई म्हणाली, "चुकलं कसं? आधी रेणुकामातेला जायचं होतं." मग नऊ माणसांनी, त्यात एक जण पाय मुरगळलेला, देवीचं दर्शन घेतलं आणि तिकडे देवळ्याला पोहे थंड झाले. मुलगी पसंत पडली, सून म्हणून घरी आली, आणि सखुबाई आजही सांगते की देवीला आधी गेलो म्हणूनच एवढी गुणी सून मिळाली. सून गुणी आहे हे खरं. शुभांगी तिचं नाव. त्यामुळे वाद घालायलाही जागा नाही.

अशा बाईने सात वर्षं एक चूक पोटात दडवून ठेवली होती. कुणाला म्हणून कळू दिली नाही. शेजारी सुलाबाई राहत असताना कळू दिली नाही, यावरून तिच्या ताकदीचा अंदाज यावा. सुलाबाई ही सखुबाईची धाकटी जाऊ. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. सुलाबाईला एखादी गोष्ट कळली की ती मखमलाबादच्या बसस्टॉपवर पोचायला बसपेक्षा कमी वेळ लागतो. मनाने मात्र बाई सोन्यासारखी, म्हणून कुणी तिच्याशी अबोला धरत नाही. शिवाय अबोला धरला तर बातम्या कुठून कळणार?

सात वर्षांपूर्वी श्रावणात शुभांगीला जुळ्या मुली झाल्या. नाशकातल्या दवाखान्यात, ऑपरेशन करून. पहिली बाहेर आली आणि एका मिनिटाने दुसरी. दोघी इतक्या सारख्या, की एकीला आरशासमोर धरलं असतं तर दुसरी आणायची गरज नव्हती. नर्सबाईंनी नियमाप्रमाणे दोघींच्या पायांना कागदी पट्ट्या बांधल्या, एक आणि दोन आकडे घालून. सखुबाईने त्या पट्ट्या बघितल्या आणि तिचं डोकं फिरलं. एवढ्याशा नाजूक पायाला ही खरखरीत पट्टी? आणि ही टिकणार किती? भिजली की गेली. कमरेच्या पिशवीत हार ओवायचा पांढरा दोरा कायमच असायचा. नर्सबाई दुसऱ्या खोलीत गेल्या तशी तिने दोन्ही पट्ट्या कात्रीने कापल्या आणि पहिल्या मुलीच्या डाव्या पायाला आपला मऊ दोरा बांधला. दुहेरी गाठ. टोक दाताने तोडलं. दोरावाली ती थोरली, बिनदोऱ्याची ती धाकटी. हिशेब एकदम सोपा.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुलाबाई डबा घेऊन आली. सखुबाई चहा प्यायला खाली गेली होती, शुभांगी औषधाच्या गुंगीत झोपली होती. दहा मिनिटांनी सखुबाई वर आली तर दोन्ही मुलींच्या डाव्या पायांना दोरे.

सुलाबाई कौतुकाने म्हणाली, "एकीलाच बांधला होता, जाऊबाई. म्हटलं दुसरीला दृष्ट लागायची. तुमच्याच पिशवीतला दोरा घेतला. गाठ बघा, तुमच्यावाणीच जमली का नाय?"

जमली होती. हेच तर संकट होतं. तीस वर्षांपूर्वी नवी नवरी म्हणून आलेल्या सुलाबाईला ही गाठ सखुबाईनेच शिकवली होती, तीही पाठीत धपाटे घालून. तोच दोरा, तीच दुहेरी गाठ, टोकंही तशीच दाताने तोडलेली. सखुबाईने दोन्ही पाय उजेडाला धरून बघितले. आपल्या हाताची गाठ आपल्याला ओळखू येईना, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

त्याच क्षणी विचारायला हवं होतं, सुले, तू कोणत्या मुलीला बांधलास? एवढंच विचारायचं होतं. पण सुलाबाईला विचारायचं म्हणजे गाठवाली सखुबाई स्वतःची गाठ विसरली, हे बसस्टॉपला कळवण्यासारखंच. सखुबाई गप्प राहिली. दोन तासांनी तिने आडून आडून विषय काढला. तोवर मुलींची वजनं झाली, दुपटी बदलली, जागा बदलल्या.

"कुणाला बांधला म्हणता?" सुलाबाई म्हणाली. "ती नाय का, रडत होती ती."

आणि त्या वेळी दोघीही रडत होत्या.

मग सखुबाईने दोघींतली जी जास्त जोराने रडत होती तिच्याकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांना सांगितलं, ही थोरली. बारशाला तिचं नाव भाग्यश्री ठेवलं, दुसरीचं राजश्री. भागी आणि राजी. कागदावर तसंच चढलं आणि गोष्ट तिथे मिटली, असं सखुबाईला वाटलं.

मिटली नाही, कारण कोजागरी आली. या घरात कोजागरीला नुसतं दूध आटवून भागत नाही. त्या संध्याकाळी घरातल्या थोरल्या लेकराची आश्विनी असते. चंद्र वर आला की आई त्याला पाटावर बसवते, कुंकू लावते, ओवाळते आणि नवे कपडे देते. मान फक्त थोरल्याचा. धाकट्यांनी दूध प्यायचं आणि बघत बसायचं.

मुली दोन महिन्यांच्या होत्या, तेव्हाच शुभांगी म्हणाली होती, "आई, दोघींना ओवाळते ना. एका मिनिटाने काय मोठं आणि काय लहान?"

"रीत म्हणजे रीत," सखुबाई म्हणाली. "थोरली ती थोरली."

शुभांगीला वाटलं, सासू जुन्या वळणाची आहे. खरं कारण वेगळं होतं. दोघींना ओवाळलं तर कुणीतरी विचारेल, का बरं, नक्की नाही वाटतं? ज्याच्या पायाखालची वाळू सरकलेली असते तोच जास्त पाय रोवून उभा राहतो, तसं सखुबाईचं झालं. घरात तिच्याइतकं रीतीला धरून कुणी राहिलं नाही. दरवर्षी नवा फ्रॉक भागीचा, पाट भागीचा, निरांजनाचा उजेड भागीच्या तोंडावर. अशा सात आश्विनी झाल्या.

लहान होत्या तोवर राजीला काही कळत नव्हतं. गेल्या वर्षीच्या कोजागरीला मात्र तिने बापाला विचारलं, "पप्पा, माझा वाढदिवस आणि भागीचा एकाच दिवशी असतो. मग माझी आश्विनी कधी असते?"

कुंदन पिंपळगावला द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे. दिवसभर पेट्यांवर तारखा तपासणारा माणूस. तो सरळपणे म्हणाला, "तू एक मिनिट उशिरा आलीस, बेटा."

"एक मिनिट मी कुठं होते?"

कुंदनने दुधाचा पेला तिच्या हातात दिला. राजी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि रिकामा पेला चाटत भागीकडे बघत राहिली. रडली वगैरे नाही. रडली असती तर सखुबाईला एवढं लागलं नसतं. ती चौकट सखुबाईच्या ओळखीची होती. गिरणाऱ्याला माहेरी ती स्वतः पाच भावंडांत दुसरी. दर कोजागरीला थोरल्या भावाला ओवाळताना ती अशीच चौकटीला टेकून उभी राहायची. पण ती निदान खरोखरची दुसरी होती. ही पोर कदाचित पहिली असेल आणि आजीच्या हट्टापायी दुसरी झाली असेल. गेल्या वर्षीपासून हा काटा सखुबाईला टोचत होता. सांगावं, तर आपली सगळी पत जाते, सुनेचा विश्वास जातो, आणि उरलेलं आयुष्य सुलाबाईच्या तोंडी सापडतं. न सांगावं, तर पोरीचं तोंड बघवत नाही.

यंदाचा दसरा आला. दसऱ्याच्या आधीचे दोन दिवस या मळ्यात माणूस आणि झेंडू वेगळे ओळखू येत नाहीत. ओट्यावर, पडवीत, खाटेवर फुलंच फुलं. मुलींना शाळेला सुट्टी होती. दोघी फुलांच्या ढिगात लोळत होत्या, केसांत पाकळ्या आणि फ्रॉकच्या खिशात गोगलगाई. गोटीराम क्रेट भरत होता, सुलाबाई ओवत होती आणि ओवता ओवता वस्तीतल्या तीन लग्नांचा निकाल लावत होती. शुभांगी आंब्याची पानं मोजून देत होती. कामाने सगळ्यांची पाठ मोडली होती, पण वर्षातले सगळ्यात चांगले दिवस कोणते, असं त्या घरात विचारलं तर सगळे हेच दिवस सांगतील.

भागी एका पालथ्या क्रेटवर चढून उभी होती. "राजी, मोठी फुलं इकडे आण. राजी, आजोबांना पाणी दे. मी थोरली, मी सांगीन तसं करायचं."

"अगं, तुझी आजी आहे का तू?" सुलाबाई म्हणाली. "डिट्टो आवाज."

सगळे हसले. राजी पाणी घेऊन आली, आजोबांना दिलं आणि आजीच्या शेजारी येऊन बसली. थोडा वेळ तिने सुईत फूल घालायचा प्रयत्न केला. मग इतरांना ऐकू जाणार नाही असं तिने विचारलं, "आजी, पुढच्या वेळी जन्मताना मी आधी आले तर चालेल का?"

सखुबाईच्या बोटात सुई घुसली. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सुलाबाईने ते बघितलं आणि मनात टिपून ठेवलं.

दसरा पार पडला. फुलं गंगेवरच्या, म्हणजे नाशकातल्या गोदाकाठच्या, बाजारात गेली, आपट्याची पानं वाटून झाली. प्रत्येक घरात "सोनं घ्या" म्हणायला भागी पुढे आणि राजी दोन पावलं मागे. चौथ्या दिवशी, म्हणजे कोजागरीच्या आदल्या सकाळी, सखुबाईला एक युक्ती सुचली. चूकही कबूल करायला नको आणि राजीलाही मान मिळावा अशी.

चहाच्या वेळी ती म्हणाली, "काल मला आठवलं. जुनी माणसं म्हणायची, जुळ्यांत जे मागून येतं तेच थोरलं. पोटात ते आधी जाऊन बसलेलं असतं, म्हणून बाहेर यायला त्याचा नंबर शेवटी. त्या हिशेबाने राजी थोरली. यंदा राजीला ओवाळायचं."

गोटीरामने बशी खाली ठेवली.

भिंतीपलीकडून सुलाबाईचा आवाज आला, "आमची आजी पण असंच म्हणायची." तिच्या घरचा चहा कधीच होऊन गेला होता, पण कान इकडेच होते.

"सात वर्षांनी आठवलं तुम्हाला, आई?" शुभांगी म्हणाली.

"आठवलं त्याला काय करू? आठवणीला का टाइमटेबल असतं?"

राजी उठून उभी राहिली. तिचे डोळे एवढे मोठे झाले होते, की सखुबाईला वाटलं, जिंकलं. मग तिने भागीकडे बघितलं. भागी उठून आत गेली. आत कपाट उघडल्याचा आवाज आला, काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने ती दोन्ही हातांत गठ्ठा घेऊन बाहेर आली. सात आश्विनींचे सात फ्रॉक. सगळ्यात वर दोन महिन्यांच्या बाळाचं झबलं, तळहाताएवढं. एक चांदीची बिंदली, जी आता अंगठ्यातही गेली नसती. तिने ते सगळं राजीच्या पुढ्यात ठेवलं.

"हे तुझं होतं," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं. मी मुद्दाम नाही घेतलं."

आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

राजीने त्या गठ्ठ्याकडे बघितलं, भागीकडे बघितलं आणि भोकाड पसरलं. मग भागीनेही. गोटीराम दोघींना घेऊन विहिरीकडे गेला, बेडूक दाखवतो म्हणून. सखुबाई कपबशा उचलायचं निमित्त करून मोरीत जाऊन बसली. एका नातीचा मान काढून दुसरीला दिला, तर जिचा काढला ती तिथेच येऊन उभी राहिली होती. चौकट तीच. फक्त पोर बदललं होतं.

कोजागरीची संध्याकाळ. अंगणात सारवण झालेलं, चुलीवर मोठ्या पातेल्यात दूध आटत होतं, वेलची आणि जायफळाचा वास सुटलेला. पलीकडच्या झेंडूच्या ओळींवर चंद्र नुकताच वर येत होता, तांबूस आणि फुगलेला. कुंदन पिंपळगावहून लवकर आला होता. सुलाबाई वाटीभर चारोळी घेऊन आली होती. चारोळी देऊन जायला तिला पाच मिनिटं पुरली असती, पण ती पदर सावरून ऐसपैस बसली. मधोमध एकच पाट मांडलेला. शुभांगीच्या हातात ताट, ताटात निरांजन. पाटाच्या एका बाजूला भागी, दुसऱ्या बाजूला राजी, आणि दोघींपैकी कुणीच बसायला तयार नाही.

"बस गं राजी," सुलाबाई म्हणाली. "आता तूच थोरली."

"भागीला बसू दे," राजी म्हणाली.

"मी थोरली नाहीये," भागी म्हणाली.

शुभांगी ताट धरून उभी. तिने सासूकडे बघितलं. "आई, एकदा काय ते नक्की सांगा. तूप संपायला लागलंय."

सखुबाई उभी राहिली. तिने पदर खोचला, मग सोडला, मग परत खोचला.

"मला माहीत नाय," ती म्हणाली.

"काय माहीत नाही?"

"थोरली कोण ते. पहिल्या दिवसापासून माहीत नाय." आणि मग एकदा तोंड उघडल्यावर तिने सगळं सांगून टाकलं. पट्ट्या, कात्री, दोरा, चहा, सुलाबाईची गाठ, रडण्याचा प्रकार. कुठेही थांबली नाही. मधे कुणी बोललं असतं तर तिचं धैर्य गेलं असतं, पण कुणी बोललं नाही. सुलाबाईसुद्धा नाही. तिचं तोंड उघडं होतं, पण त्यातून काही येत नव्हतं. वस्तीत हा प्रकार पहिलाच.

शेवटी सुलाबाईच म्हणाली, अगदी बारीक आवाजात, "म्हणजे हे माझ्यामुळं झालं? मी दोरा बांधला म्हणून?"

"नाय गं सुले. पट्टी कापली मी. विचारायचं तेव्हा विचारलं नाय, तेही मीच. माझं चुकलं."

गोटीराम खाटेवरून पुढे वाकला. "काय म्हणालीस?"

"ऐकलं तुम्ही."

"नाय, नीट ऐकू नाय आलं. परत म्हण. चाळीस वर्षं थांबलोय."

"बाबा," कुंदन म्हणाला, पण त्याचाही चेहरा सरळ राहत नव्हता.

शुभांगीचा राहिला. ती रागावली की देवळ्याची होते, माहेरची अहिराणी आपोआप तोंडात येते. ती हळू आवाजात म्हणाली, "हाई काय करं तुम्ही, आई?" आणि ताट पाटाजवळ ठेवून तरातरा आत निघून गेली.

सखुबाई होती तिथेच खाली बसली. तिला वाटलं, गेलं. देवीला आधी जाऊन मिळवलेली सून गेली. चुलीवरचं दूध वर आलं, उतू गेलं, विस्तवावर चर्र झालं, तरी कुणाचं लक्ष गेलं नाही.

राजी आजीजवळ सरकली. "आजी, मग थोरली कोण?"

"नाय माहीत, बाळा."

"म्हणजे मी पण असू शकते?"

"असू शकतेस."

"आणि भागी पण?"

"ती पण."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. भागी म्हणाली, "मग आपण दोघी अर्ध्या मिनिटाच्या?" राजीला हे पटलं. ती पाटावर एका कडेला बसली आणि उरलेल्या पाटावर तिने हात थोपटला. भागी तिथे येऊन बसली. एका पाटावर दोघी मावत नव्हत्या, म्हणून एकमेकींना घट्ट धरून बसल्या.

शुभांगी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दुसरं निरांजन होतं. तिने पाटाकडे बघितलं. मग ताट उचललं.

"नीट बसा," ती म्हणाली. "दोघींतली एक थोरली आहेच, कुठं जात नाही. दोघींना ओवाळलं की तिला ओवाळलं गेलंच. दुसरीला फुकट." तिने दोघींना कुंकू लावलं, दोन निरांजनांनी ओवाळलं. सात वर्षांत कधी नव्हे ते निरांजनाचा उजेड दोन्ही तोंडांवर पडला आणि दोन्ही तोंडं एकसारखी हसली. कोण कोण आहे ते त्या वेळी कुंदनलाही सांगता आलं नसतं.

ओवाळून झाल्यावर शुभांगीने ताट खाली ठेवलं. "आणि आई, तुमच्याशी मी उद्या बोलणार आहे."

"बोल गं," सखुबाई म्हणाली. "हवं तितकं बोल." एवढ्या नरमाईने ती कुणाशी कधी बोलली नव्हती. गोटीरामने तेही मनात नोंदवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मळ्यात फुलांची खुडणी चालू असताना शुभांगी सासूच्या ओळीत आली. सखुबाईने डोकं वर केलं नाही.

"पहिल्याच दिवशी मला सांगितलं असतं तर काय झालं असतं?" शुभांगीने विचारलं.

"तू हसली असतीस."

"हसलेच असते. टाके घातलेले होते, दुखलं असतं, पण हसले असते. मी कधी तुम्हाला वाईट बोलले का, आई? एवढ्या हसण्याला घाबरून पोरीला सात वर्षं दारात उभं केलंत."

"केलं," सखुबाई म्हणाली. हातातली फुलं टोपलीत टाकली आणि म्हणाली, "दुसरी कुणी असती तर कालच माहेरी गेली असती."

"जाणारच होते. सोग्रस फाट्याला कुठं वळायचं ते आठवेना."

सखुबाईने डोकं वर केलं. सून फुलं खुडत होती, चेहरा गंभीर होता, पण खांदे हलत होते. मग दोघीही झेंडूच्या ओळीत उकिडव्या बसून इतक्या हसल्या, की पलीकडच्या मळ्यातला माणूस काय झालं म्हणून बांधावर आला. सखुबाईचे डोळे पुसायला पदर पुरेना. ती काही देवाधर्माचं मोठं बोलणारी बाई नाही. पण त्या दिवशी दुपारी तिने देव्हाऱ्यात दोन नारळ ठेवले. गोटीरामने विचारलं, कशाचे? ती म्हणाली, "एक सुनेचा. एक दोघी सुखरूप हातात आल्या त्याचा. त्या दिवशी दोऱ्याच्या नादात आभार मानायचेच राहिले."

बातमी अर्थातच पसरली. सुलाबाईने म्हणे पूर्ण एक दिवस दम धरला होता, आणि तो दिवस तिला फार जड गेला. नंतर मखमलाबादच्या भाजीबाजारात बायका विचारायच्या, "सखुबाई, या तोरणाचं थोरलं टोक कोणतं हो?" कुणी म्हणे, "दोन हार घेते, पण आधी कुठला ओवला ते लिहून द्या." सखुबाई पहिल्या दिवशी लाल झाली, दुसऱ्या दिवशी तिने उलट उत्तर दिलं, तिसऱ्या दिवशी तीच हसत होती. पत गेली म्हणावं, तर दिवाळीला तोरणं नेहमीपेक्षा जास्त खपली. तोरण घेता घेता गोष्टही मालकिणीच्याच तोंडून ऐकायला मिळते म्हणून लोक मुद्दाम येत होते.

नरक चतुर्दशीला अजून उजाडायचं होतं. नाशिकची थंडी मळ्यात जरा जास्तच असते, दारात पाय ठेवला की दात वाजतात. बंबात पाणी तापलं होतं, उटणं भिजवलं होतं, अंगणात फटाक्यांचा पहिला आवाज कुठूनतरी आला होता. दोघी एका गोधडीत गुरफटून पडल्या होत्या.

शुभांगी म्हणाली, "चला, उठा. आंघोळीला थोरली आधी."

गोधडीतून दोन हात बाहेर आले आणि दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं.

"ही," भागी म्हणाली.

"ही," राजी म्हणाली.

"बरं, मग धाकटी आधी," शुभांगी म्हणाली.

दोन्ही बोटं जागची हलली नाहीत.

सखुबाईने हसत हसत दोघींना गोधडीसकट कवेत घेतलं आणि मोरीकडे नेलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून सुलाबाईने विचारलं, "काय झालं गं, एवढं काय हसताय?" एरवी सखुबाईने "काय नाय" म्हणून विषय मिटवला असता. त्या दिवशी तिने दोघींना सोडलं, भिंतीजवळ गेली आणि काय झालं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, बोटांच्या खुणांसकट, जावेला सांगितलं.